ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये लेन कशा बांधाव्यात: लोकेशनपासून चाचणीपर्यंत

नवं ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे टीएमएस, सुरू झालं की पहिल्या काही दिवसांत नियोजन करणाऱ्यांच्या स्क्रीनवर एक संदेश पुन्हा पुन्हा दिसतो: मार्ग सापडला नाही. ऑर्डर बरोबर असते, माल तयार असतो, गाडीही उपलब्ध असते, पण सॉफ्टवेअर लोड, म्हणजे गाडीतून जायची खेप, बनवायला तयार नसतं. मागे मागे शोधत गेलं की धागा बहुतेक वेळा लेनपाशी येऊन थांबतो. कधी त्या दोन ठिकाणांमध्ये लेनच नसते, कधी असते पण चुकीच्या झोनला, म्हणजे ठिकाणांच्या गटाला, जोडलेली असते, तर कधी तिची मुदत कालच संपलेली असते.

लेन म्हणजे नियोजनाला दिलेली परवानगी. या ठिकाणाहून त्या ठिकाणी माल अमुक साधनाने जाऊ शकतो, साधारण इतका वेळ लागतो आणि हे हे वाहतूकदार तो नेऊ शकतात, एवढंच ती सांगते. प्रत्यक्ष गाडी कुठल्या रस्त्याने जाईल हे ठरवणं तिचं काम नाही. भाडं किती लागेल हेही तिने सांगू नये. वेगवेगळ्या उत्पादनांत ही कल्पना वेगवेगळ्या रूपात भेटते. एसएपी टीएममध्ये ट्रान्सपोर्टेशन लेन हा स्वतंत्र मास्टर डेटा, म्हणजे एकदा भरून पुन्हा पुन्हा वापरायची मूळ माहिती, आहे, त्याखाली वाहतुकीची साधनं आणि वाहतूकदार येतात. ओरॅकलच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन ही भौगोलिक जोडी असते आणि रेट रेकॉर्ड, म्हणजे दराच्या नोंदी, तिला येऊन चिकटतात. मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स ३६५ मध्ये हेच काम हब, रूट प्लॅन आणि रूट गाइड मिळून करतात. स्क्रीन बदलली तरी विचार करायची पद्धत बदलत नाही, म्हणून पुढचं सगळं कुठल्याही टीएमएसला लागू पडेल अशा रीतीने लिहिलं आहे.

माझं ठाम मत आधीच सांगतो. लेन भरण्याचं काम सोपं आहे. अवघड असतं ते त्याआधीचं, म्हणजे लोकेशन साफ करणं आणि झोन ठरवणं. वेळापत्रकात या दोन कामांना अर्ध्याहून जास्त वेळ द्या.

आधी लोकेशन

प्रत्येक प्रत्यक्ष जागेला एकच लोकेशन कोड हवा. ऐकायला साधं वाटतं, पण ईआरपीमधून, म्हणजे कंपनीच्या मुख्य व्यवहार सॉफ्टवेअरमधून, आलेल्या यादीत एकच गोदाम चार नावांनी बसलेलं असतं: एकदा विक्रीच्या पत्त्यावरून, एकदा खरेदीच्या, एकदा जुन्या प्रणालीतून आलेलं आणि एकदा कोणीतरी घाईत बनवलेलं. चारपैकी एकाला लेन मिळते आणि बाकी तिघांवर आलेल्या ऑर्डरी अडकतात. लेनचा एकही रेकॉर्ड बनवण्याआधी पत्ता, पोस्टल कोड आणि अक्षांश-रेखांश जुळवून एकाच जागेच्या या दुहेरी नोंदी शोधा आणि एकत्र करा.

कोडसाठी जिथे जागतिक पद्धत तयार आहे तिथे तीच वापरा. बंदरांसाठी युनायटेड नेशन्सची लोकोड पद्धत आहे. तिच्यात पाच अक्षरं असतात, पहिली दोन देशाची आणि पुढची तीन जागेची. रॉटरडॅमचा कोड एनएलआरटीएम, सिंगापूरचा एसजीएसआयएन. विमानतळांसाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे तीन अक्षरी कोड आहेत. कारखाने आणि गोदामांसाठी जीएस१ संस्थेचा १३ अंकी ग्लोबल लोकेशन नंबर वापरता येतो. वाहतूकदाराशी इलेक्ट्रॉनिक संदेशांची देवाणघेवाण सुरू झाली की हे कोड असल्याचा फायदा कळतो, कारण मधे भाषांतराचा तक्ता ठेवावा लागत नाही.

अक्षांश-रेखांशांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथली चूक गुपचूप पुढे सरकते. अक्षांश ९० पेक्षा मोठा असू शकत नाही, रेखांश १८० पर्यंत जातो. त्यामुळे दोन आकडे उलटे भरले आणि त्यातला एक ९० च्या वर असेल, तर सॉफ्टवेअर लगेच अडवतं. दोन्ही आकडे ९० च्या आत असतील तर मात्र ते काहीच बोलत नाही. रॉटरडॅम साधारण ५१.९ अक्षांश आणि ४.५ रेखांशावर आहे. हे आकडे उलटले की तुमचं बंदर सोमालियाच्या पूर्वेला भर समुद्रात जाऊन बसतं आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक लेनचं अंतर हजारो किलोमीटरने फसतं. रिकाम्या रकान्यांचं शून्य-शून्य होणं हा दुसरा प्रकार. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात येतो. सगळी लोकेशन एकदा नकाशावर टाकून बघा, समुद्रात पडलेला ठिपका लगेच डोळ्यात भरतो.

अचूकता किती हवी? दशांश चिन्हानंतर दोन अंक असले तर चूक किलोमीटरभराची होऊ शकते, चार अंकांनी ती दहा-अकरा मीटरवर येते. चार पुरेत. मात्र ते चार अंक मालाच्या फाटकाचे हवेत. पोस्टल कोडच्या क्षेत्राचा मध्यबिंदू कितीही बारीक लिहिला तरी तो फाटकाचा होत नाही.

याशिवाय प्रत्येक लोकेशनवर टाइम झोन, कामाचं कॅलेंडर, डॉकच्या, म्हणजे माल चढवा-उतरवायला गाडी लावायच्या जागेच्या, वेळा आणि माल चढवायला-उतरवायला लागणारा वेळ भरून ठेवा. या गोष्टी लोकेशनच्या आहेत. त्या लेनमध्ये कोंबल्या की एका गोदामाची वेळ बदलल्यावर शंभर लेन उघडून बसावं लागतं.

किती बारीक जायचं?

आता खरा निर्णय. लेन लोकेशन ते लोकेशन बांधायची, लोकेशन ते झोन, की झोन ते झोन?

समजा ३ कारखाने, ८ गोदामं आणि ४०० ग्राहक आहेत. कारखान्यांपासून गोदामांपर्यंत २४ जोड्या होतात, त्या एकेक करून बांधायला काहीच हरकत नाही. गोदामांपासून ग्राहकांपर्यंत मात्र ३,२०० जोड्या होतात. प्रत्येकीवर दोन साधनं धरली तर ६,४०० नोंदी, आणि प्रत्येक नव्या ग्राहकासाठी आणखी आठ लेन. तेच ग्राहक २५ झोनमध्ये वाटले तर लेन होतात २००, आणि नवा ग्राहक त्याच्या पोस्टल कोडवरून आपोआप योग्य झोनमध्ये जातो.

माझा कल असा असतो: जिथे माल मोठ्या प्रमाणात आणि नियमित जातो, करार त्या ठरावीक जोडीसाठीच झालेला असतो, तिथे लोकेशन ते लोकेशन. वितरणाच्या शेवटच्या टप्प्यात लोकेशन ते झोन. झोन ते झोन लेन फक्त तेव्हा, जेव्हा माल कुठल्याही गोदामातून निघू शकतो आणि वेळेत फारसा फरक पडत नाही. सगळीकडे एकच पद्धत लावण्याचा हट्ट धरू नका, तिन्ही प्रकार एका जाळ्यात छान नांदतात.

झोन आखताना एक नियम सोडू नका: एकाच पातळीवरचे दोन झोन एकमेकांवर चढता कामा नयेत. मोठ्या झोनच्या पोटात छोटा झोन चालतो, पण मग ती वेगळी पातळी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. नाहीतर एक ग्राहक एकाच पातळीच्या दोन झोनमध्ये सापडतो आणि सॉफ्टवेअर त्यातला कुठला उचलेल याचा भरवसा राहत नाही. आज एक उचलेल, उद्या डेटा पुन्हा लोड झाल्यावर दुसरा.

पोस्टल कोडवर आधारलेल्या झोनमध्ये आणखी एक खाच आहे. पोस्टल कोड हा आकडा दिसत असला तरी तो मजकूर म्हणून साठवा. स्प्रेडशीट सुरुवातीची शून्यं खाऊन टाकते आणि ०१२३४ चा १२३४ होतो. उलट, मजकूर म्हणून तुलना होते तेव्हा '९' हा '१०' च्या नंतर येतो, कारण तुलना अक्षरागणिक होते. म्हणून 'पासून-पर्यंत' अशी श्रेणी देताना दोन्ही टोकांचे कोड सारख्याच लांबीचे ठेवा.

झोनच्या आतल्या वाहतुकीसाठी झोनमधून त्याच झोनमध्ये जाणारी लेन लागते, हे बरेच जण विसरतात. एका गाडीत पाच ग्राहकांचा माल असेल तर पहिल्या ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचीही परवानगी हवी. ती नसली तर काही सॉफ्टवेअर पाच ऑर्डरींना पाच गाड्या लावतात आणि लोक ऑप्टिमायझरला, म्हणजे सगळ्यात फायद्याची योजना शोधणाऱ्या भागाला, दोष देत बसतात.

जाणं वेगळं, येणं वेगळं

लेनला दिशा असते. गोदामाकडून बंदराकडे जाणारी लेन बंदराकडून गोदामाकडे येणाऱ्या मालाला चालत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये एक टिक केली की उलटी लेनही तयार होते. ती सोय मोहात पाडते, पण जपून वापरा. परतीच्या दिशेला गाड्या रिकाम्या येत असतील तर वाहतूकदार वेगळे असतात, भाडं वेगळं असतं, आणि सीमा ओलांडायची असेल तर कस्टम्सचा वेळही सारखा नसतो. परतीचा माल, रिकामे पॅलेट आणि रिकामे कंटेनर यांची यादी करा आणि त्यांच्यासाठी लेन मुद्दाम, स्वतंत्रपणे बांधा.

साधनं आणि बंधनं

एका लेनखाली एकापेक्षा जास्त साधनं ठेवता येतात: ट्रक, रेल्वे, जहाज, विमान. ट्रकमध्येही फुल लोड (गाडीभर माल) आणि पार्ट लोड (गाडीच्या काही भागाचा माल) यांची वेळ वेगळी असते, कारण पार्ट लोड मधल्या टर्मिनलवर उतरतो आणि पुन्हा चढतो. म्हणून ती दोन वेगळी साधनं धरा.

बंधनं कुठे लिहायची यावर नीट विचार करा. रेफ्रिजरेटेड माल फक्त रेफ्रिजरेटेड गाडीतच जावा हा नियम माल आणि गाडी यांच्यातला आहे. तो प्रत्येक लेनवर लिहायचा नसतो, कुठला माल कुठल्या गाडीत चालत नाही हे सांगणाऱ्या विसंगतीच्या नियमांत एकदाच लिहायचा. रस्त्याला जोडलेलं बंधन मात्र लेनवर येतं: कमी उंचीचा पूल, वजनाची मर्यादा असलेला फेरीबोटीचा मार्ग, धोकादायक मालाला बंद असलेला बोगदा. धोकादायक मालाच्या रस्ते वाहतुकीचा एडीआर करार बोगद्यांचे ए ते ई असे वर्ग करतो. ए वर्गाच्या बोगद्यात बंधन नसतं, ई वर्गात ते सगळ्यात कडक असतं. ज्या लेनवर असा बोगदा आहे तिथे या मालासाठी वळसा घेणारी वेगळी नोंद आणि वेगळं अंतर लागतं.

अंतर आणि वेळ

सॉफ्टवेअर काहीही सांगितलं नाही तर बहुतेक वेळा दोन बिंदूंमधलं सरळ अंतर काढतं. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून केलेलं ते भूमितीचं गणित असतं. रस्ता तसा कधीच जात नाही. त्यावर एक गुणक लावायची सोय असते, पण मधे डोंगर किंवा खाडी आली की कुठलाही एक गुणक पुरत नाही. नकाशाची सेवा जोडता आली तर जोडा, आणि ती जोडताना ट्रकचा मार्ग मागा. मोटारीसाठी काढलेल्या अंतरावर ट्रकचं नियोजन करू नका.

वेळेच्या रकान्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. पहिला प्रश्न: हा वेळ फाटकापासून फाटकापर्यंतचा आहे, की त्यात माल चढवणं-उतरवणंही धरलं आहे? चढवण्याचे दोन तास लोकेशनवर लिहिले आणि वाहतूकदाराने दिलेल्या वेळेतही ते होते, तर ते दोनदा मोजले जातात. दुसरा प्रश्न: दिवस म्हणजे कॅलेंडरचे, की कामाचे? तिसरा: चालकाच्या विश्रांतीचं काय?

तिसऱ्याचं गणित करून दाखवतो. ९०० किलोमीटरची लेन, सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे १५ तास गाडी चालवणं. लेनमध्ये १५ लिहून मोकळे झालात तर फसलात. युरोपियन युनियनच्या ५६१/२००६ या नियमानुसार साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा थांबा, दिवसाला साधारण ९ तास चालवणं आणि रोजची नियमित विश्रांती ११ तासांची. एकटा चालक असेल तर पहिल्या दिवशी साडेचार तास, पाऊण तास थांबा, पुन्हा साडेचार तास, म्हणजे पावणेदहा तास गेले. मग ११ तास विश्रांती, घड्याळात झाले पावणेएकवीस. उरलेले ६ तास चालवणं आणि मधला पाऊण तास धरला की एकूण साडेसत्तावीस तास होतात. १५ तासांची लेन प्रत्यक्षात साडेसत्तावीस तासांची निघाली. अमेरिकेत नियम निराळे आहेत, तिथे १४ तासांच्या खिडकीत ११ तास चालवता येतं आणि त्याआधी सलग १० तास सुट्टी लागते. आपली लेन ज्या प्रदेशातून जाते तिथला नियम घेऊन हे गणित करा. सॉफ्टवेअर चालकाची विश्रांती स्वतः धरत असेल तर लेनमध्ये फक्त चालवण्याचा वेळ लिहा, धरत नसेल तर पूर्ण वेळ. यापैकी आपल्याकडे काय आहे हे सेटिंगमध्ये बघून घ्या, अंदाजावर सोडू नका.

वेळ शक्यतो तासांत साठवा. आणि तो कालावधी म्हणून भरा, निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या घड्याळाच्या वेळांतली वजाबाकी करून भरू नका. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान दहा तास उडून लॉस एंजलिसला हिवाळ्यात त्याच तारखेला सकाळी १० ला उतरतं. घड्याळं वजा केली तर उत्तर उणे सात तास येतं.

जहाजासाठी आणखी एक पायरी आहे. आठवड्यातून एकदाच जहाज सुटत असेल आणि कंटेनर कटऑफनंतर, म्हणजे माल स्वीकारायची मुदत संपल्यावर, पोहोचला, तर समुद्रातल्या दिवसांत वाट बघण्याचे सात दिवस मिळवावे लागतात. हे लेनमधल्या एका आकड्यात बसत नाही. अशा ठिकाणी लेनवर फक्त परवानगी ठेवा आणि तारखा, कटऑफ व बंदरातल्या वेळा शेड्यूलमध्ये ठेवा.

मधले टप्पे

माल कारखान्यातून थेट ग्राहकाकडे न जाता मधे हब (माल गोळा होऊन पुढे वाटला जाण्याची जागा), क्रॉस डॉक (माल न साठवता एका गाडीतून दुसरीत हलवण्याची जागा) किंवा बंदरातून जात असेल तर कारखाना ते हब आणि हब ते ग्राहक अशा दोन लेन बांधायच्या, आणि हबला ट्रान्सशिपमेंट लोकेशन, म्हणजे माल मधे बदलायची जागा, म्हणून घोषित करायचं. सॉफ्टवेअर या कड्या स्वतः जोडतं. थेट लेन मात्र चुकून उघडी राहिली असेल तर छोटी ऑर्डरसुद्धा थेट गाडीने सुचवली जाऊ शकते. थेट लेन ठेवायची तर तिच्यावर किमान वजनाची अट घाला.

हबवर माल उतरवून पुन्हा चढवण्याचा वेळ हबच्या लोकेशनवर लिहा. दोन हबमध्ये दोन्ही दिशांना लेन असतील तर टप्प्यांच्या संख्येला मर्यादा घाला, नाहीतर शोध वाढत जातो, नियोजनाला वेळ लागतो आणि कधी कधी माल एका हबवरून दुसऱ्यावर जाऊन परत येण्याचा विचित्र प्रस्ताव समोर येतो.

वाहतूकदार

लेनच्या त्या त्या साधनाखाली वाहतूकदार जोडा, त्यांचा क्रम द्या आणि कराराप्रमाणे वाटा द्या. ६०-४० असा वाटा लिहिताना तो कशाचा आणि किती काळात मोजायचा हे नक्की करा: गाड्यांच्या संख्येचा की वजनाचा, आठवड्याचा की महिन्याचा? आठवड्याला दोनच गाड्या जाणाऱ्या लेनवर साप्ताहिक ६०-४० कधीच जुळणार नाही.

दर मात्र लेनमध्ये भरू नका. त्यांची जागा रेट टेबलमध्ये आहे. दर वारंवार बदलतात, लेन तशी बदलत नाही. ऑप्टिमायझरला तुलना करायला लेनवर एखादा आतला खर्च लागत असेल तर तो ठेवा, पण सगळ्या लेनवर त्याचं एकक एकच असू द्या. एकीवर किलोमीटरमागे आणि दुसरीवर टनामागे असला की तुलनेला अर्थ उरत नाही.

मुदत

प्रत्येक लेनला 'पासून' आणि 'पर्यंत' तारीख असते. आपलं सॉफ्टवेअर यातली कुठली तारीख तपासतं ते आधी माहीत करून घ्या: ऑर्डर नोंदवल्याची, माल उचलण्याची की पोहोचवण्याची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी उचललेला आणि नव्या वर्षात पोहोचणारा माल इथेच अडकतो. जुनी लेन जिथे संपते तिथेच नवी सुरू व्हावी, मधे मिनिटाचीही फट नको आणि दोन्ही एकमेकांवर चढायलाही नकोत.

वेळ बदलली की जुन्या लेनमधला आकडा खोडून नवा लिहू नका. जुनीची मुदत संपवा आणि नवी बनवा. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आशिया-युरोप मार्गावरची अनेक जहाजं सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास दहाएक दिवसांनी लांबला. हा बदल दीर्घकाळ टिकणारा होता, म्हणून तो लेनमध्ये यायलाच हवा होता. जुनी आणि नवी नोंद वेगळी ठेवली असेल तर कुठल्या महिन्यात कुठली वेळ धरून शब्द दिला होता ते नंतर तपासता येतं. याउलट मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझमध्ये अडकलं आणि कालवा सहा दिवस बंद राहिला. अशा तात्पुरत्या घटनेसाठी लेनला हात लावू नये. कॅलेंडरवर बंद दाखवावं किंवा चालू शिपमेंटच्या तारखा बदलाव्यात.

एकाच ऑर्डरला तीन लेन बसल्या तर?

समजा गोदाम 'गो-१' उत्तर झोनमध्ये आहे आणि ग्राहक 'ग्रा-७' झोन-४ मध्ये. मास्टरमध्ये तीन लेन आहेत:

गो-१ ते ग्रा-७: ट्रक, २० तास
गो-१ ते झोन-४: ट्रक ३० तास, रेल्वे ४८ तास
उत्तर झोन ते झोन-४: ट्रक ३६ तास

ट्रकसाठी पहिली लेन निवडली जाईल, कारण ती सगळ्यात नेमकी आहे. पण ग्रा-७ साठी रेल्वेचा पर्याय दिसेल का? हे सॉफ्टवेअरवर आणि त्याच्या सेटिंगवर अवलंबून आहे. काही ठिकाणी प्रत्येक साधनासाठी नेमकी लेन वेगळी शोधली जाते, तेव्हा रेल्वे दुसऱ्या लेनमधून मिळते. काही ठिकाणी नेमकी लेन सापडली की शोध तिथेच थांबतो आणि रेल्वे गायब होते. कोणीतरी फक्त ट्रकचा वेळ सुधारायला पहिली लेन बनवलेली असते आणि त्या ग्राहकाची रेल्वे त्या दिवसापासून बंद पडते. कुठलाही एरर संदेश येत नाही. खर्चाच्या अहवालात ते महिन्याभराने उमटतं.

म्हणून नेमकी लेन बनवताना वरच्या, म्हणजे जास्त व्यापक, लेनवरची सगळी साधनं आणि वाहतूकदार खाली उतरवायचे की नाही, हे प्रत्येक वेळी विचारा. आणि लोकेशन ते झोन व झोन ते लोकेशन या दोन्ही लेन एकाच ऑर्डरला बसल्या तर कुठली जिंकते, हे चाचणी घेऊनच ठरवा. नियमपुस्तिकेतल्या वाक्यावर विसंबू नका.

काही जण कुठूनही कुठेही जाणारी एक सर्वसमावेशक लेन घालतात, म्हणजे एकही ऑर्डर अडत नाही. मला हे पटत नाही. अडलेली ऑर्डर ही मास्टर डेटामधल्या त्रुटीची बातमी असते, आणि ही लेन ती बातमी दाबून टाकते. ठेवायचीच असेल तर तिच्यावर खर्च खूप जास्त लावा आणि तिच्यावरून गेलेल्या ऑर्डरींची यादी रोज सकाळी कोणाच्या तरी टेबलावर जाईल अशी व्यवस्था करा.

अपलोड आणि चाचणी

क्रम असा ठेवा: लोकेशन, मग झोन, मग झोनमध्ये लोकेशनची वाटणी, मग लेन, साधनं, शेवटी वाहतूकदार. क्रम बदलला तर अर्ध्या ओळी नाकारल्या जातात, आणि काही टेम्प्लेट नाकारलेल्या ओळींबद्दल गप्प बसतात. अपलोड झाल्यावर फाइलमधल्या ओळी आणि सॉफ्टवेअरमधल्या नोंदी मोजून जुळवा. लेनच्या कोडमध्ये निघायचं ठिकाण आणि पोहोचायचं ठिकाण असावं, वाहतूकदाराचं नाव नसावं. वाहतूकदार बदलला की तो कोड दिशाभूल करू लागतो.

चाचणीसाठी मनाने ऑर्डरी रचू नका. गेल्या तीन महिन्यांची प्रत्यक्ष शिपमेंट घ्या, निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या जोड्या काढा आणि प्रत्येक जोडीला लेन मिळते का ते बघा. ज्यांना मिळत नाही त्या तीन ढिगांत वाटा: खरंच लेन राहिली, लोकेशनचा पत्ता चुकला, किंवा ती खेप एकदाच गेली होती आणि लेनची गरजच नाही. दुसऱ्या ढिगाकडे विशेष लक्ष द्या. तिथे नवी लेन बनवून प्रश्न झाकायचा मोह होतो.

उलट चाचणीही घ्या. ज्या ऑर्डरींना लेन मिळायला नको त्या मुद्दाम टाकून बघा: बंद झालेलं गोदाम, बोगद्यात न चालणारा माल, मुदत संपलेल्या लेनवरची तारीख, उलटी दिशा. इथे सॉफ्टवेअरने नाही म्हणायला हवं. ते हो म्हणालं तर कुठेतरी झोन नको तितका रुंद आहे.

पुढची देखभाल

लेन मास्टरला एक मालक असावा. नियोजन करणाऱ्या प्रत्येकाला लेन बनवायची मुभा दिली की काही महिन्यांत एकमेकांवर चढलेल्या नेमक्या लेनचा ढीग साचतो, कारण अडलेली ऑर्डर सोडवायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता असतो. त्यांना विनंती पाठवण्याची सोय द्या आणि तिचं उत्तर त्याच दिवशी द्या. उत्तराला उशीर झाला की लोक हाताने गाड्या लावायला लागतात.

लेनवरचा वेळ दर तिमाहीला प्रत्यक्ष वेळेशी ताडून बघा. फक्त सरासरी घेऊ नका, दोन-तीन फार उशिरा आलेल्या गाड्या ती वर ओढतात. दहातल्या नऊ गाड्या किती वेळात पोहोचल्या तो आकडा काढा. ग्राहकाला दिलेल्या तारखेसाठी तोच उपयोगाचा असतो. मधला आकडा, म्हणजे मध्यक, नियोजनासाठी बरा. दोन्हींत फार अंतर पडलं असेल तर त्या लेनवर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जात आहेत का ते तपासा. बहुतेक वेळा फुल लोड आणि पार्ट लोड एकाच साधनाखाली सापडतात.

एखादी लेन बंद करायची वेळ आली तर ती काढून टाकू नका. आधी तिच्यावरच्या चालू ऑर्डरी आणि अजून न पोहोचलेली शिपमेंट बघा, मग तिच्यावर टेकलेले रेट रेकॉर्ड आणि शेड्यूल, आणि त्यानंतर शेवटच्या शिपमेंटच्या पोहोचण्याच्या तारखेपुढची मुदत लावून ती संपवा. जुन्या बिलांची पडताळणी महिनोन्महिने चालते आणि ती करणाऱ्यांना त्या लेनचा वेळ, अंतर आणि वाहतूकदार बघावे लागतात.